खालच्या पायरीवरचा आवाज

४ फेब्रुवारी

बारके,

पत्र बघून हसू नकोस. आपण दोघी बहिणी एकाच फोनच्या कंपनीत, तू मुख्यालयात, मी कारखान्यात, आणि मी तुला कागदावर लिहितेय. कंपनीच्या फोनवरचं कंपनी वाचते आणि दुसरा फोन फाटकावर जमा करावा लागतो. शिवाय फोनवर आपलं तीन मिनिटांत भांडण होतं. कागदावर निदान आठ दिवस लागतील.

गेल्या महिन्यात तुमच्या महागड्या नव्या फोनचा खोका कारखान्यात आला. उघडायला चौघं जमली. झाकण सावकाश, उसासा टाकल्यासारखं वर येतं. ते तसं यावं म्हणून मुख्यालयात एका माणसाने वर्षभर काम केलं म्हणे. आमच्या स्वस्त फोनच्या खोक्याचं झाकण फाटतं. त्यावर कुणी काम केलेलं नाही.

त्याच गाडीतून तुमचा तीन वर्षांपूर्वीचा कॅमेरा आला, आमच्या यंदाच्या फोनमध्ये बसवायला. शिडीचा नियम. नवी गोष्ट आधी वरच्या फोनमध्ये, मग मधल्यात, तिसऱ्या वर्षी आमच्यात. लहानपणी माझे उतरलेले फ्रॉक तू घातलेस, रडत रडत. आता तुमचं उतरलेलं मी घालते. मी रडत नाही. आमचे साहेब, ज्यांना आम्ही मोजपट्टी म्हणतो, ते सांगतात की आपल्या गिऱ्हाइकाला ते नवंच असतं. तेही खरं आहे.

पण या वेळी एक गोष्ट वरून आलेली नाही. ती मी केली आहे.

आईला कमी ऐकू येतं हे तुला माहीत आहे. कसं कमी ऐकू येतं, हे तू कधी विचारलं नाहीस. तिला आवाज ऐकू येतो, शब्द येत नाहीत. स, श, त, क, फ गळतात. मागच्या सुट्टीत मी तिला तीन दिवस दिवाणावर बसवलं. मी आमच्या फोनवरून, स्वयंपाकघराचं दार लावून, शब्द वाचायचे. ती कानाला फोन लावून कागदावर लिहायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अभ्यास तुझा, मग परीक्षेला मी का?" पण बसली. तिच्या चुकांवरून मी आवाज घडवला. जाड भाग खाली घेतला, गळणारी अक्षरं वर उचलली, दोन शब्दांमध्ये केसाएवढी फट ठेवली. फोनमध्ये नवा भाग एकही नाही. बोलणाऱ्याचा फोन हे सगळं करतो, ऐकणाऱ्याकडे कुठलाही फोन असला तरी चालतं. जानेवारीपासून आमच्या प्रत्येक फोनमध्ये आहे.

मग नाव झाकून चाचणी घेतली. तुमचा फोन आणि आमचा, दोन्ही काळ्या चिकटपट्टीत गुंडाळले, म्हणजे शब्द वाचणारीलाही कळू नये. ऐकणारे साठ जण, सगळे म्हातारे. शब्द पन्नास. तुमच्या फोनवरून सरासरी चौतीस कळले. आमच्यावरून त्रेचाळीस.

परत वाच. त्रेचाळीस.

अहवाल तयार आहे. मुख्यालयात कुणाला पाठवू? कोणत्या फोनमध्ये काय असावं ते तुमचा विभाग ठरवतो. तू त्या लोकांबरोबर रोज चहा पितेस. मी तिथे एकदाच आले होते, तर मला पाहुण्यांचा बिल्ला लावला.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

त्रेचाळीस दोनदा वाचलं, तू सांगितलंस म्हणून.

आईला कसं ऐकू येतं ते मी विचारलं नाही, असं तू लिहिलं आहेस. मला विचारावं लागत नाही. मी फोन केला की पहिलं वाक्य असतं, "बारके, तू विहिरीतून बोलतेस का गं?" आणि दुसरं, "थोरली कशी शेजारी बसून बोलल्यासारखी बोलते." मी तिला आमचा सगळ्यात वरचा फोन दिला होता. तो खोक्यात आहे. कुणी आलं की ती कपाटातून काढते, झाकण उघडून दाखवते, "धाकटीच्या कंपनीचा" म्हणते आणि परत ठेवते. वापरते तुझा. का, तर हलका आहे.

चहाबद्दल. तो यंत्रातून येतो आणि यंत्रासारखाच लागतो.

माझं काम म्हणजे एक तक्ता. वर फोनांची नावं, डावीकडे गोष्टींची. प्रत्येक चौकटीत खूण करायची किंवा ती रिकामी ठेवायची. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणतात, वरचा फोन घेणारा माणूस फोन घेत नाही, फरक घेतो. तो फरक मी राखते. खालच्या फोनला एवढं द्यायचं की दुकानात तो हातात घ्यावासा वाटेल, आणि एवढं काढून ठेवायचं की हातात घेणाऱ्याची नजर वरच्या कपाटाकडे जाईल. हे सोपं नाही. आईला एकदा समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे थोरली वस्तू करते आणि तू खुणा करतेस."

अहवाल पाठव. थेट आमच्या बाईंना पाठव, मोजपट्टींना मध्ये घेऊ नकोस. दोन्ही आकडे पहिल्याच पानावर घे, शेजारी शेजारी, मोठ्या अक्षरांत. आमच्याकडे शेवटचं पान कुणी वाचत नाही.

तुझं नाव झालं तर मला आनंदच आहे.

बारकी


२ मार्च

बारके,

पाठवला. तू म्हणालीस तसा.

मोजपट्टींना कळलंच. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे दोन कपाटं आणि एक पडदा.

"तुलना काढा," म्हणाले. "आवाज सुधारला एवढंच लिहा."

"का? आकडे खोटे आहेत का?"

"आकडे खरे आहेत म्हणूनच सांगतो. बाई, आपण वरच्याच्या जवळ जायचं असतं. पुढे जायचं नसतं."

"अहवाल गेला, साहेब."

त्यांनी पडदा सरकवला आणि मला वाट करून दिली. बावीस वर्षं खालच्या फोनमध्ये काढली की माणूस असा होतो. हाताखालची बाई थेट मुख्यालयात पोचली हे त्यांना सहन होत नाही, दुसरं काही नाही. तू त्यांना मध्ये घेऊ नकोस म्हणालीस ते बरं झालं.

इकडे लोक खूश आहेत. दुकानांतून निरोप येतात. एक ट्रक चालवणारा तर फोन बदलून घ्यायला गेला आणि दुकानदाराला म्हणाला, हाच दे, यावरून माझा बाप मला पहिल्यांदा शिव्या देतो, आधी नुसता "काय? काय?" करायचा.

आई रोज बोलते. मी जेवायच्या सुट्टीत करते. परवा मी कुजबुजले तेही तिला कळलं. काय कुजबुजले ते तुला सांगणार नाही, तुझ्याबद्दल होतं.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी मोजपट्टींच्या पट्टीने मोजलं. थोडं आखूड वाटलं. पण असो. तुला जड गेलं असणार, ते मी समजू शकते.

ताई


२० मार्च

ताई,

घाईत आहे. बैठका चालू आहेत.

एक कर. तुझ्या स्वतःच्या फोनवर एप्रिलचा अपडेट येईल तो घेऊ नकोस. काही दिवस थांब. कारण विचारू नकोस, नेहमीच्या बारीकसारीक गोष्टी आहेत.

आईला मीही फोन केला होता. विहीर आहे तिथेच आहे.

बारकी


११ एप्रिल

बारके,

आदेशाची नक्कल समोर ठेवून लिहितेय. "स्वर-स्पष्टता ही सोय प्राथमिक श्रेणीतून मागे घेण्यात येत आहे. ती प्रथम उच्च श्रेणीत दाखल होईल. प्राथमिक श्रेणीत फेरविचार: तिसरे वर्ष."

तीन वर्षांनी माझा आवाज मलाच मिळेल, तुमचा उतरलेला.

बंद करायचं कामही माझ्याकडे आलं, कारण तो नेमका कुठे बसवलाय ते मलाच माहीत होतं. अर्ध्या तासाचं काम. मी दुपारपर्यंत वेळ लावला. मोजपट्टी बाजूला उभे होते. "मी सांगितलं होतं" असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, मला भांडायला कुणीतरी मिळालं असतं. कुलूप लागल्यावर किल्ली मुख्यालयाकडे गेली. आता ते माझ्याही फोनवर उघडत नाही.

हो, मी अपडेट घेतला, आदेश यायच्या आधीच. कुलपाची जागा त्यातूनच आली, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तुझं पत्र आल्यावर वाटलं, हिला माझं आईशी बोलणं खुपतंय, म्हणून काहीतरी खुसपट काढतेय. तू थांब म्हणालीस म्हणून मी पहिल्याच दिवशी घेतला.

आदेशाला तक्ता जोडला आहे. आमच्या फोनच्या नावाखाली जिथे खूण होती तिथे पांढरं आहे. खाली "तक्ता तयार करणारे" आणि तुझी सही. शेवटच्या अक्षराचा फाटा तू अजून पानाच्या कडेपर्यंत ओढतेस. तारीख १८ मार्च. तुझं पत्र २० चं आहे.

रविवारी आईला फोन केला.

"मोठ्याने बोल," म्हणाली.

मोठ्याने बोलले.

"ओरडू नकोस. बोल."

मी बोलले. एक एक शब्द सुटा करून बोलले, शाळेत धडा वाचतात तसा. ती मग म्हणाली, "राहू दे. तू येशील तेव्हा बोलू." आणि ठेवला.

कारखान्याला सुट्टी ऑगस्टमध्ये आहे.

तुला एकच विचारायचं आहे. फेब्रुवारीत "पाठव" लिहिलंस तेव्हा तुला हे माहीत होतं का?

ताई


२४ एप्रिल

ताई,

माहीत होतं.

तक्ता माझा आहे. दोन आकडे शेजारी शेजारी आले आणि खालचा मोठा निघाला, की खालचा कापतात. वरचा मोठा करायला वर्ष लागतं, खालचा कापायला एक दुपार. अहवालात तुलना शेवटच्या पानावर असती तर कुणी बघितली नसती. तुझा आवाज वर्षानुवर्षं तुमच्या फोनमध्ये राहिला असता आणि आई मला विहिरीबद्दल सांगत राहिली असती. म्हणून मी पहिलं पान सांगितलं.

बैठकीत बाईंनी अहवाल टेबलावर ठेवला. "ही तुझी बहीण ना?" मी हो म्हटलं. "मग तूच सांग. दोन्हींत ठेवायचा का?" मला हो म्हणता आलं असतं. तक्त्यात एक खूण जास्त झाली असती, कुणाचं काही गेलं नसतं. बाईंचा कल त्याच बाजूला होता, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "शिडीचा नियम सगळ्यांना सारखा." सगळ्यांना वाटलं, सख्ख्या बहिणीच्या बाबतीतही ही पोरगी किती निःपक्षपाती. एकाने नंतर तसं बोलूनही दाखवलं. मी आभार मानले.

दोन दिवसांनी तुला अपडेट घेऊ नकोस लिहिलं. तेवढं एक खरं होतं. ते तू मानलं नाहीस.

तुला वाटतं, तू माझ्यावर जळतेस. माझी काचेची खोली, बिल्ला, झाकण. ताई, या कामात तू नवशिकी आहेस. तू आईला तीन दिवस दिवाणावर बसवलंस हे वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मला आधी आकडा दिसलाच नाही. मला तीन दिवस दिसले. माझ्याबरोबर ती कधी तीन तास बसली आहे? मी गेले की दुसऱ्या दिवशी विचारते, "परत कधी निघायचंय?" प्रेमाने विचारते, डबा करून द्यायचा असतो. पण विचारते.

मेच्या शेवटी तुझा आवाज आमच्या फोनमध्ये येईल. त्याचं नाव 'निर्मळ' ठेवलं आहे. जाहिरातीत एक म्हातारा हसतो. माझ्या वाट्याला एक जादा फोन येतो, तो मी तुला पाठवते. त्यावरून आईला कर. तिला तू पहिल्यासारखी ऐकू येशील. फाटकावर जमा करायला लागला तर कर, रविवारी घरून बोल.

माफी मागत नाही. मागितली तर तीही तू मोजशील.

बारकी


९ मे

बारके,

खोका पोचला. झाकण वर यायला किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून पाहिलं. सहा सेकंद. परत बंद केलं आणि खोका या पत्राबरोबर तुझ्याकडे पाठवला आहे.

तुझं म्हणणं शहाणपणाचं आहे. आईला ऐकू येणं महत्त्वाचं, फोन कुणाचा हे नाही. मी दोन रात्री स्वतःला हेच सांगत होते. पण त्यातून मी बोलणार, तो आवाज माझा, माझ्याच हातचा, आणि तिच्या कानावर पडेपर्यंत तो तू दिलेला झालेला असणार. तेवढं मला जमत नाही. आईचं नुकसान होतं आहे हे मला कळतं. कळूनही जमत नाही.

तिला मी आता पत्रं लिहिते. ती चष्मा लावून वाचते आणि उलट टपाली उत्तर देते. दोन ओळींचं. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, अक्षर छान आहे.

मोजपट्टींनी मला नवं काम दिलं आहे, बॅटरी जास्त टिकवायचं. म्हणाले, "या वेळी कशाशी तुलना करू नका, बाई. नुसती टिकवा." करतेय.

मला काही दिवस लिहू नकोस.

ताई


१६ जून

ताई,

तू लिहू नकोस म्हणालीस. महिना थांबले. आता लिहावं लागतंय, का ते शेवटी कळेल.

'निर्मळ' माझ्या फोनवर ३० मेला आलं. मी दोन आठवडे आईला फोन केला नाही. तुझी पत्रं तिला जात होती, माझं काहीच जात नव्हतं. शेवटी काल, रविवारी, दुपारी लावला. पडद्यावर तिला माझं नाव दिसतं, पण ती चष्मा शोधत बसत नाही, तशीच उचलते.

मी म्हटलं, "आई, ऐकू येतंय का?"

 मला वाटलं, आता विहिरीबद्दल ऐकायला मिळणार.

पण ती म्हणाली, "थोरले! अगं, आलीस का परत!"

मी सांगायला तोंड उघडलं. पण ती थांबेचना. "किती दिवस नुसता घूं घूं आवाज यायचा. मला वाटलं, माझे कानच गेले. कुणाला बोलले नाही. म्हटलं, उगाच पोरींना घोर. पत्रं कशाला लिहीत होतीस गं, हे असं बोलायचं सोडून? अक्षर छान आहे, पण अक्षराला काय प्रश्न विचारणार?" आणि ती रडायला लागली, ताई. मी तिला कधी फोनवर रडताना ऐकलेलं नाही. माझ्याजवळ ती रडत नाही.

दर थोड्या वेळाने मी ठरवत होते, आता सांगू. मग ती पुढचं काहीतरी सांगायची. टाकीचं. शेजारणीच्या सुनेचं. असं सगळं ती तुला सांगते हे मला माहीत नव्हतं. मला तब्येत आणि हवा एवढंच सांगते.

मग माझ्यावर आली. म्हणाली, "बारकीचा दोन आठवडे फोन नाही. एवढा महागाचा फोन, पण पोरगी त्यातून येतच नाही बघ. मी काहीतरी बोलते आणि ती गप्प होते. तिला वाटतं, मला तिची गोडी नाही. ती आली की मी मुद्दाम विचारते, कधी निघणार, म्हणजे किती दिवस हातात आहेत ते कळावं. तुझं तसं नाही, तू राहतेस."



तिने विचारलं, "तुमचं काही बिनसलंय का? तुझ्या पत्रात तिचं नावही नसतं."

मी नाही म्हटलं.

"रागावलीस का तिच्यावर?"

मी नाही म्हटलं.

"नक्की?"

"नक्की," म्हटलं. ठेवताना ती म्हणाली, "तिला फोन करत जा. ती मनाला लावून घेते." मी करते म्हटलं.

पुढच्या रविवारी तिला खरं काय ते सांगेन, असं मी काल ठरवलं आणि आज सकाळी मोडलं. तेवढं धैर्य माझ्यात नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. तू सांगितलंस तर मी अडवणार नाही. पण तिने तुला पत्रात काही विचारलं, आणि तुला सांगायचं नसलं, तर एवढं लक्षात ठेव. काल दुपारी तू तिच्याशी चाळीस मिनिटं बोललीस. तू वेळेवर जेवतेस, कारखान्यात सगळं ठीक आहे, ऑगस्टमध्ये येणार आहेस. आणि बारकीवर तुझा राग नाही.

बारकी